मरून रेक्झिनची बांधणी

अप्पा,

तुम्हांला देवनागरी वाचता येत नव्हती, तरी हे मी देवनागरीतच लिहिते आहे. तमिळमध्ये तुमच्याशी बोलायला लागले की माझी मान आपोआप खाली जाते आणि आज मान खाली घालायची माझी तयारी नाही. घरात आपण मराठीच बोलायचो, पण ती तंजावूरची, नुसती तोंडातली मराठी. कागदावरची मराठी मी लग्नानंतर पुण्यात शिकले, बसच्या पाट्या आणि वाण्याकडच्या डब्यांवरची नावं वाचत. या भाषेत रागवायला मला कुणी शिकवलं नाही, पण कुणी बंदीही केलेली नाही. तुम्हांला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मग कुणावर रागवायचं, ते म्हणणाऱ्यांनीच सांगावं.

विषय तुम्हांला ठाऊक आहे. माझी मासिकं. तंजावूरचं घर सोडून अम्मा गेल्या वर्षी माझ्याकडे राहायला आली, तेव्हा तिच्या ट्रंकेत तांब्याची भांडी, तिच्या दोन रेशमी साड्या आणि तुम्ही बांधून घेतलेले ते चार खंड होते. मरून रेक्झिन, पाठीवर सोनेरी अक्षरं. माझ्या मुलानं एक उचलून बघितला आणि म्हणाला, "वा, आजोबांनी किती छान जपलंय!" अप्पा, त्या 'जपलंय'नं माझं डोकं असं फिरलं की मी गॅस बंद करून गॅलरीत जाऊन उभी राहिले. तीस वर्षं झाली, घरात आलेला प्रत्येक माणूस हेच म्हणतो. किती छान जपलंय.

आधी ती मासिकं काय होती ते नीट सांगते, कारण तुमच्या पाहुण्यांपुढे तुम्ही त्यांना 'इंग्लंडहून आलेली कंप्यूटरची पुस्तकं' म्हणत होतात, जणू काही कुणी शास्त्रज्ञानं लिहिलेली. ती खेळांची मासिकं होती. अम्माचा भाऊ, माझा मामा, तिकडच्या इस्पितळात नोकरीला. त्याच्या मुलांना नवा, मोठा कंप्यूटर मिळाला, तेव्हा त्यांचं जुनं, रबरी कळांचं काळं यंत्र त्यानं माझ्यासाठी पाठवलं आणि त्याच्याबरोबर जहाजानं दोन खोकी भरून जुनी मासिकं. मी तेव्हा नववीत होते. ते यंत्र टीव्हीला जोडायचं, टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावायची, आणि मग घरभर अशी किंचाळी उठायची की शेजारच्या मामी विचारायला यायच्या, काय झालं म्हणून. किंचाळी संपली की टीव्हीवर खेळ सुरू. आणि कॅसेट नसली तरी चालायचं, कारण मासिकांत पानंच्या पानं भरून खेळांचे प्रोग्रॅम छापलेले असायचे. एकेक ओळ आकड्यासकट बघून टाइप करायची. एक स्वल्पविराम चुकला की सगळं मुसळ केरात. दोन तास टाइप केल्यावर वीज जायची आणि मी भिंतीला डोकं टेकून बसायची. तेव्हा तुम्ही हळूच म्हणालात, "थोडें थोडें कॅसेटवर घालून ठेव मा," आणि दुसऱ्या दिवशी कोऱ्या कॅसेट घेऊन आलात. तुम्हांला समजत नव्हतं असं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

ती मासिकं लिहिणारी माणसं तुम्ही म्हणाल तशी थोर नव्हती. ती अत्यंत आगाऊ होती. वाचकांची पत्रं छापायची आणि खाली त्यांचीच टर उडवायची. एखादा खेळ भिकार असला तर ते सरळ भिकार म्हणून लिहायचे, चित्रांना इतके टक्के, आवाजाला इतके, खेळण्यातल्या मजेला इतके, आणि शेवटी एकूण गुण, कधी कधी बाविसावर आणून ठेवायचे. कुणाचा मुलाहिजा नाही. खेळ बनवणारी कंपनी त्याच अंकात पानभर रंगीत जाहिरात देतेय आणि पलीकडच्या पानावर हे लोक तिची लाज काढतायत. अप्पा, आपल्या घरात कुणी कुणाला तोंडावर वाईट म्हणत नसे. आमटी खारट झाली तर तुम्ही पाणी पीत राहायचात. आत्याच्या हातची लाडवासारखी दगडी इडली सगळ्यांनी 'छान, छान' म्हणत गिळायची. त्या घरात मी पंधराव्या वर्षी ती मासिकं वाचली, आणि वाईटाला वाईट म्हणता येतं, ते छापताही येतं, आणि लोक ते विकत घेऊन वाचतात, याचा मला जो आनंद झाला तो मी आजही विसरलेली नाही.

मग मीही सुरू केलं. स्वयंपाकघरात पाटावर बसून मी अम्माच्या रसमला अठ्ठ्याहत्तर टक्के दिले आणि पोरियलच्या भाजीला एकेचाळीस. अम्मा हसली. तुम्ही ताटावरून नजर न उचलता म्हणालात, "अन्नाला मार्क देत नाहींत." तेवढंच. पण त्या चार शब्दांनंतर मी ताट तसंच ठेवून उठले. पुढे तिरुवैयारूला आत्याकडे गेलो असताना तिच्या मुलानं गाऊन दाखवलं. तो शिकत होता, आणि सुरांची नि त्याची ओळखही झालेली नव्हती. सगळे डोळे मिटून माना डोलावतायत. आत्यानं मला विचारलं, "कसें गायला?" मी म्हटलं, "एकतीस." आत्याला कळलं नाही, मी समजावून सांगितलं, शंभरपैकी. तुमचा चेहरा मला अजून दिसतो.

आता तुमच्या ग्रंथालयाबद्दल. तुम्ही कॉलेजच्या ग्रंथालयात होतात आणि मला लहानपणापासून तिथे यायची मुभा होती. मागच्या व्हरांड्यात बाइंडर येऊन बसायचा आणि वर्षभराची नियतकालिकं तुम्ही त्याच्यापुढे मांडून द्यायचात. तुमची रीत ठरलेली. मुखपृष्ठं काढून टाकायची. जाहिरातींची पानं काढून टाकायची. उरलेलं शिवायचं, तीन बाजूंनी यंत्रात घालून एकसारखं कापायचं, वर रेक्झिन चढवायचं, पाठीवर सोनेरी अक्षरं. मला तेव्हा ते फार आवडायचं, ते कापताना पडणारे कागदाचे लांब लांब काप मी घरी खेळायला आणायची. जर्नलं होती ती; त्यांना समास चांगला दोन बोटं असायचा. कापून बिघडत नव्हतं.

आणि घरी तुमची दुसरी रीत. कपाटातल्या वरच्या खणात लाल कपड्यात बांधलेले आपल्या पूर्वजांचे मोडी कागद. दरवर्षी वेखंडाची पूड बदलायची, कपडा बदलायचा, नवरात्रात सरस्वतीपूजेला कोलूच्या, पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्यांपुढे पाटावर ठेवायचे, हळदकुंकू, फुलं, नमस्कार, पुन्हा वर. ते कागद वाचणारा आपल्या घरात कुणी नव्हता. तुमच्या वडिलांनाही ते वाचता येत नव्हते. मी एकदा विचारलं होतं, "यांत काय लिहिलंय?" तुम्ही म्हणालात, "आपले आहेत." मला तेव्हा ते उत्तर पुरलं. आज म्हणते, हे काही उत्तर नव्हे. पण आपल्या लोकांची हीच तर खोड आहे. कागद मिळाला की आधी त्याला बांधायचं आणि मग त्याच्या पाया पडायचं.

बारावीचा निकाल लागला. त्या वर्षांत देशाची दारं उघडली म्हणून रोज पेपरात काहीतरी असायचं, बस स्टँडपाशी एका रांगेत तीन कंप्यूटर क्लासच्या पाट्या लागल्या होत्या आणि तिरुच्चीच्या मुलींच्या कॉलेजात कंप्यूटर सायन्सची पदवी सुरू झाली होती. तिरुच्ची म्हणजे बसनं तास-दीड तास. मला गणितात उत्तम मार्क होते. मी एक स्वतःचा खेळ लिहायला घेतला होता, राजवाड्यामागच्या आपल्याच गल्ल्यांचा: गाई, सायकली आणि रिक्षा चुकवत दह्याचं भांडं न सांडता घरी पोचायचं. मासिकात मशीनच्या भाषेचे धडे क्रमशः येत असत, त्यांतले निम्मे मी पचवले होते. बाकीचे झाले की खेळ पुरा करून तिकडे पाठवायचा, त्यांनी छापला तर छापला, टर उडवली तर उडवली, असं मी ठरवलं होतं. मी तुम्हांला सांगितलं की मला तिरुच्चीला जायचंय. स्पष्ट, तमिळमध्ये, मराठीत, दोन्हीत. तुम्ही ऐकलंत. आठवडा गेला. मग एका संध्याकाळी कॉफीचा पेला खाली ठेवत म्हणालात, "बी.कॉम. बरें. येथें जवळच आहे." का, ते नाही. पैसे नव्हते म्हणाला असतात, तर मी समजून घेतलं असतं. मुलीनं रोज बसनं जायला नको म्हणाला असतात, तर मी भांडले तरी असते. तुम्ही भांडायलाही काही हातात ठेवलं नाहीत.

आषाढात आत्या आली. तिच्या मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. सिव्हिलला, अप्पा! रस्ते आणि पूल! मी कॉलेजातून परत आले तर टीव्हीवर विणलेला रुमाल पसरलेला आणि यंत्राची जागा रिकामी. आत्या म्हणाली, "पोराला होणें, पाहिजे म्हणतो, म्हणून नेतें. तुला आतां कशाला?" मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, "त्याला कामाला येईल." त्यानं त्यावर पंधरा दिवस खेळून घेतलं आणि मग ते त्यांच्या माळ्यावर गेलं, नारळाच्या करवंट्यांच्या पोत्याशेजारी. हे मला त्यानंच हसत हसत सांगितलं, माझ्या लग्नात. भाद्रपदात खोकीही दिसेनाशी झाली. मी विचारलं, "मासिकंही दिलीत?" तुम्ही म्हणालात, "येतील." माझा विश्वास बसला नाही. मी मनातल्या मनात त्यांच्यावर पाणी सोडलं आणि जमाखर्च शिकत बसले.

आणि मग सरस्वतीपूजा. कोलूच्या पायऱ्या, समई, प्रसादाची चण्याची उसळ, आपली सुंडल, आत्या आणि तिचा मुलगा, शेजारच्या मामी, सगळे जमलेत. तुम्ही आतून पाट घेऊन येता. पाटावर लाल कपड्यातले मोडी कागद आणि त्यांच्या शेजारी, रेशमी उपरण्यावर, चार नवेकोरे मरून खंड. तुम्ही ते देवीपुढे ठेवता, माझ्याकडे बघता आणि हसता. तुम्ही फार क्वचित असे हसायचात. "तुझीं पुस्तकें. आतां शंभर वर्षें कांहीं होणार नाहीं." अप्पा, त्या क्षणी मला इतका आनंद झाला की तो आठवला की मला स्वतःचाच राग येतो. ती दिलेली नव्हती! ती माझीच होती! मी धावत जाऊन वरचा खंड उचलला. तुम्ही माझा हात धरलात. "आज वाचायचें नाहीं मा. उद्यां." खरंच, त्या दिवशी पुस्तकाला हात लावत नाहीत. मी हात मागे घेतला, नमस्कार केला, आणि सुंडल खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, विजयादशमीला, पुस्तकं पाटावरून उचलून प्रत्येकानं आपल्या पुस्तकातलं थोडं देवीपुढे मोठ्यानं वाचायचं, ही आपली पद्धत. आतेभावानं त्याच्या सर्व्हेच्या पुस्तकातला परिच्छेद वाचला. मग तुम्ही मला पुढे केलंत. मी पहिला खंड उघडला. पहिली गोष्ट दिसली ती अशी की मुखपृष्ठं नव्हती. ते ड्रॅगन, ती अंतराळयानं, काही नाही. पत्रांची पानं नव्हती, जाहिराती नव्हत्या. खेळांचे मोठे नकाशे दोन पानांवर पसरलेले असायचे, त्यांचं मधलं दालन शिवणीत गेलेलं. मी घाईघाईनं धड्यांचं पान काढलं. एक मासिक बाकीच्यांपेक्षा लहान आकाराचं होतं आणि बाइंडरनं त्याच्या मापानं सगळी कापली होती. उजव्या पानावर प्रोग्रॅमच्या ओळींची शेपटं उडालेली. डाव्या पानावर ओळींचे आकडे उडालेले. तुम्ही म्हणालात, "वाच." आणि मी वाचलं. इंग्रजीत, मोठ्यानं, देवीपुढे. एक आज्ञा, मग कंस उघडला आणि बंद व्हायच्या आधी कागद संपला. पुढची ओळ, शत्रू डावीकडे असेल तर, आणि कागद संपला. पुढची ओळ, अमुक ओळीकडे जा, आणि कुठल्या ओळीकडे तो आकडाच नाही. मी अख्खं पान वाचलं. आत्या हात जोडून उभी. मामी हात जोडून उभ्या. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. मी थांबल्यावर अम्मानं माझ्या कपाळाला कुंकू लावलं, आणि कुणीतरी म्हणालं, "किती अस्खलित वाचते!"

त्या मासिकांच्या रीतीनं तुमच्या कामाला गुण द्यायचे तर शिवणीला पंच्याण्णव, सोनेरी अक्षरांना नव्वद आणि उपयोगाला शून्य. सोन्याची सुरी झाली म्हणून काय उरात खुपसून घ्यायची? दसरा झाल्यावर लगेच मी ग्रंथालयाच्या व्हरांड्यात गेले होते. बाइंडर म्हणाला, "मुखपृष्ठं? ती मी पोरांच्या वह्यांना घातली. कागद फार जाड, चांगला आहे." वर कौतुकानं सांगितलं, "सरांनी स्वतः बसून एकेक पान निवडून दिलं. रेक्झिनचा रंगसुद्धा त्यांचाच." पुढे वर्षभर मला रस्त्यात शाळेची पोरं दिसायची आणि त्यांच्या काखेतल्या वह्यांवर माझ्या ड्रॅगनची अर्धीमुर्धी तोंडं. घरी येऊन मी तुमच्याशी भांडले. समासावरून भांडले, शिवणीवरून भांडले, आधी मला का विचारलं नाही यावरून भांडले. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "ग्रंथालयांत असेंच करतात." आणि विषय संपला. आपला त्या विषयावरचा तो शेवटचा संवाद.

मी पुढे काय केलं ते तुम्ही बरंचसं बघून गेलात. बी.कॉम., पुणे, एका कारखान्यात हिशेबाची नोकरी. तुम्ही गेल्यावर, चाळिशीला टेकताना, मी रात्रीचे वर्ग करून प्रोग्रॅमिंग शिकले, आणि आता तेच काम करते, माझ्या निम्म्या वयाच्या मुलांच्या शेजारी बसून. ती मला मॅडम म्हणतात आणि चहाला बोलवायला विसरतात. नातेवाईक म्हणतात, "झालं ना शेवटी मनासारखं?" शेवटी! शेवटी झालेल्या गोष्टीचं कौतुक करायला लोकांना लाज कशी वाटत नाही? वाढलेलं ताट समोरून उचलून नेलं आणि वीस वर्षांनी शिळं आणून दिलं, तर त्याला काय पोट भरलं म्हणायचं?

मुलानंच मला दाखवलं की ती सगळी मासिकं आता इंटरनेटवर आहेत. तिकडे कुणीतरी वेड्या माणसांनी एकेक अंक, एकेक पान, जाहिराती आणि मुखपृष्ठांसकट, चढवून ठेवलंय. मी रविवारी बसून ते धड्याचं पान शोधून काढलं. ओळी पूर्ण होत्या. हल्लीच्या कंप्यूटरवर ते जुनं यंत्र नक्कल करून चालवताही येतं. मी टाइप केलं, आणि ते चाललं. एक ठिपका डावीकडून उजवीकडे गेला. बस, एवढंच होतं ते. आणि तिथे बसल्या बसल्या मला एक गोष्ट स्वच्छ दिसली, अप्पा. ओळी पुऱ्या असत्या तरी त्या मी टाइप कशावर करणार होते? यंत्र आषाढातच गेलं होतं. चणे होते तेव्हा दात काढून घेतलेले. तीस वर्षं मी तुमच्यावर चिडले ती कापलेल्या कागदावरून, कारण कागदावरून भांडणं सोपं होतं. तुम्ही चुकलात ते समासात नाही. माझं शिक्षण तुम्ही एका वाक्यात संपवलंत, माझं यंत्र उचलून एकतीस टक्क्यांच्या पोराला दिलंत, आणि मग जे उरलं त्याला सोनेरी अक्षरं लावून माझ्यासमोर ठेवलंत आणि हसलात. तोंडाला पानं पुसणं याहून वेगळं काय असतं?

इतकं असूनही मी तुमच्यासाठी एक पळवाट ठेवली होती. मी स्वतःला सांगायची, त्यांना काय कळणार? त्यांच्या दृष्टीनं इंग्रजी छापील कागद म्हणजे सरस्वती. आत काय आहे ते त्यांना कुठे माहीत? अडाणी माया म्हणून मी ते खपवून घेत होते.

परवा अम्मा स्वयंपाकघरात सांबारासाठी बारके कांदे सोलत बसली होती. चारी खंड मी टेबलावर काढून ठेवले होते. ते बघून ती सहज म्हणाली, "बाइंडिंगला द्यायच्या आधीं तुझ्या अप्पांनीं सगळीं वाचलीं." मी म्हटलं, "चाळली असतील." "नाहीं गे. वाचलीं. दुपारीं जेवायला येत ना, मग झोपाळ्यावर बसून. दररोज एकेक. आणि हसत. एकदां तर इतकें हसले कीं ठसका लागला, मी पाणी दिलें." मी विचारलं, "कशाला हसायचे?" अम्मा म्हणाली, "मला कोठें इंग्रजी कळतें? मी विचारलें तर सांगटले, तुला नाहीं कळणार, हे फार वात्रट लोक आहेत." आणि ती पुन्हा कांदे सोलायला लागली.

म्हणजे तुम्हांला कळत होतं. कोण आगाऊ, कोण कुणाची टर उडवतोय, सगळं. ते वाचून तुम्ही ठसका लागेपर्यंत हसलात, आणि मग उठून, तोंड धुऊन, निवडून निवडून तीच पानं काढून टाकायला सांगितलीत. काय गेलं आणि कुणाचं गेलं, हे जाणून. माझी पळवाट अम्मानं कांदे सोलता सोलता बंद केली. तेव्हा तिरुच्चीचा राग होता तसाच आहे, उलट चढलाय, आणि तो मी कमी करणार नाही. तुमच्या श्राद्धाला हात जोडतानाही तो माझ्याबरोबर असतो, असू दे.

हे पत्र पाठवायचं कुठे, हा प्रश्नच नाही. म्हणून एक शेवटचं सांगून टाकते, नाहीतर लिहिलेलं सगळं अर्धं खोटं होईल. परवापासून मी रोज जेवल्यानंतर ते जुने अंक इंटरनेटवर उघडून बसते, पत्रांची पानं, जाहिराती, सगळं, आणि प्रत्येक विनोदापाशी थांबून बघते, तुम्हांला ठसका लागला तो हा का. मी त्या महिन्यात संध्याकाळी रोज घरीच असायची, अप्पा. झोपाळ्यावर दोघांना पुरेल एवढी जागा होती.